गोल केला की फ्रेंच, तोंड उघडलं की काळा



आरक्षणाचा विषय निघाला की एखादा सवर्ण मित्र हमखास म्हणतो, "खेळात बघा, तिथे जात नसते, फक्त गुणवत्ता चालते." आपली पोरंही कधी कधी या वाक्यापुढे गप्प बसतात. त्या पोरांना मला लिलियन थुराम या फ्रेंच फुटबॉलपटूची गोष्ट सांगायची आहे.

थुरामचा जन्म 1972 चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावरचा. हे बेट फ्रान्सच्या ताब्यातलं, गुलामगिरीचा इतिहास असलेलं. एकट्या आईने पाच लेकरं वाढवली. नऊ वर्षांचा असताना तो पॅरिसजवळ राहायला आला. शाळेतली मुलं त्याला टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या मूर्ख काळ्या गाईच्या नावाने हाक मारू लागली. तो म्हणतो, मी काळा जन्मलो नाही, नवव्या वर्षी मला काळं केलं गेलं. आईला कारण विचारलं, तर ती म्हणाली, लोक असेच असतात, हे बदलणार नाही. "जाऊ दे बाळा" हे उत्तर आपल्या वस्तीतल्या किती आयांनी दिलं असेल?

पोरगा मोठा होऊन मोनॅको, पार्मा, युव्हेंटस, बार्सिलोना अशा क्लबांकडून खेळला. फ्रान्ससाठी 142 सामने खेळला. 1998 च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत क्रोएशियाने आघाडी घेतल्यावर या बचावपटूने दोन गोल करून 2-1 असा विजय मिळवून दिला. त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतले तेवढेच दोन गोल. फ्रान्स जगज्जेता झाला. काळे, गोरे, अरब सगळे एक झाले, असा जल्लोष झाला.

आणि पुढे? चारच वर्षांत, 2002 मध्ये, ज्याँ-मारी ले पेन हा वंशवादी नेता राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पोचला. 2006 मध्ये तोच म्हणाला की संघात काळे खेळाडू फार झाले आहेत. करंडक घरी आणणारेसुद्धा 'फार' होतात!

हे फ्रान्सचं झालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले, जातिवाचक शिवीगाळ झाली. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असं ते लोक म्हणत होते, अशी कुटुंबाची तक्रार होती. ले पेनचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी शेजारी ठेवा. मग सांगा, खेळात जात नसते?

2008 मध्ये थुरामच्या हृदयात दोष सापडला आणि खेळणं थांबलं. पैसा होता, नाव होतं, आरामात जगता आलं असतं. त्याच वर्षी त्याने वंशवादाविरोधी शिक्षणासाठी संस्था काढली. शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलू लागला. 2010 मध्ये शाळेत न शिकवलेल्या काळ्या स्त्रीपुरुषांवर पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या संग्रहालयात 'मानवी प्राणिसंग्रहालयां'वरच्या प्रदर्शनाच्या मांडणीत तो होता. युरोपात वसाहतींतली माणसं कुंपणात ठेवून दाखवली जात. 1998 च्या संघातला त्याचा सहकारी क्रिस्तियान करेंब्यू याचे पणजोबा 1931 मध्ये पॅरिसला असेच नरभक्षक म्हणून दाखवले गेले होते. पणजोबाला कुंपणात बघायला तिकीट, पणतूला मैदानात बघायलाही तिकीट. मधली 67 वर्षं मात्र पाठ्यपुस्तकातून गायब.

थुरामचं मोठेपण मला पुढच्या पावलात दिसतं. त्याने प्रश्नच उलटा केला. काळ्यांचं काय चुकतं, हे विचारणं पुरे. आपण श्रेष्ठ आहोत हे गोऱ्यांना कोणी शिकवलं? 2020 चं त्याचं पुस्तक याच गोऱ्या मानसिकतेवर आहे. त्याआधी 2019 मध्ये तो हे एका मुलाखतीत बोलला, तर त्याच्यावरच गोऱ्यांविरुद्ध वंशवाद पसरवल्याचा आरोप झाला. ओळखीचं वाटतं ना? आपण जातीवर बोललो की आपणच 'जातीयवादी' ठरतो.

बाबासाहेबांनी हेच 1936 मध्ये केलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी सवर्ण सुधारकांनाच आरशासमोर उभं केलं. मंडळाने परिषद रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापलं, शब्द मागे घेतला नाही.

आता आपल्या घरातलं बोलतो, राग आला तरी चालेल. 2005 मध्ये वस्त्यांमधल्या तरुणांना 'गाळ' म्हणणाऱ्या गृहमंत्री सार्कोझींचा थुरामने जाहीर निषेध केला, कारण तो स्वतः तशाच वस्तीत वाढला होता. पुढे सार्कोझी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी थुरामला मंत्रिपद देऊ केलं. तो नाही म्हणाला. आपल्यातले किती जण नाही म्हणतील? एका महामंडळासाठी गट फुटतात, एका तिकिटासाठी कालचा शत्रू आज 'समतेचा पाईक' होतो.

म्हणून आपला खेळाडू, अधिकारी, कलावंत मोठा झाला की नुसता फोटो स्टेटसला ठेवून थांबू नका. तो समाजाला काय परत देतो, हे विचारा. तो बोलला आणि त्याच्यावर तुटून पडले, तर त्याच्या बाजूने उभे राहा. आणि "खेळात जात नसते" म्हणणाऱ्याला शांतपणे एवढंच विचारा: जिंकल्यावर नसते, मग हरल्यावर कुठून येते?

जयभीम!