पुटिकांची लस : आशा किती आणि सिद्धि किती?

चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत नोकरीस असलेला आमचा एक जुना विद्यार्थी परवां आम्हांस भेटावयास आला होता. त्याच्या एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्या काकू कर्करोगानें आजारी आहेत. ‘एक्झोसोम’ नांवाच्या सूक्ष्म पुटिकांची लस टोंचली म्हणजे हा रोग समूळ जातो, असें त्यांना कोणीं तरी सांगितलें. आणि तिच्या किंमतीपायीं वडिलोपार्जित जमीन विकावी कीं काय, असा प्रश्न घरांत उभा राहिला आहे. आज जो प्रश्न त्यांच्या घरीं आला, तो उद्यां आपल्यांपैकीं कोणाच्याहि घरीं येईल. म्हणून या महिन्याचें सदर ह्याच विषयास द्यावें असें आम्हीं ठरविलें.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. संस्कृतांत पुट म्हणजे घडी किंवा पानांचा द्रोण; त्याचें लहान रूप ती पुटिका. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा दुपदरी पडदा असतो. ह्या पडद्यापासून बनलेल्या चिमुकल्या, मिटलेल्या पिशव्या पेशी सतत बाहेर सोडीत असतात. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर एका भागास नॅनोमीटर म्हणतात. एक्झोसोम ह्या जातीच्या पुटिका साधारणपणें 30 ते 150 नॅनोमीटरांच्या असतात. 1983 सालीं माँट्रियल व सेंट लुई येथील संशोधकांना अपक्व रक्तपेशींतून त्या बाहेर पडतांना दिसल्या. पेशी आपला केर बाहेर टाकीत असावी, असाच समज बरीच वर्षें होता. पुढें कळून आलें कीं, ह्या पिशव्या एका पेशीचीं चिन्हें दुसऱ्या पेशीकडे पोंचवितात.

अशा पिशव्या प्रयोगशाळेंतहि बनवितां येतात; त्यांस लायपोसोम म्हणतात. त्यांच्या गुणाचें एक उदाहरण आपल्या पिंपरीशींच निगडित आहे. 1954 सालीं येथें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथें तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं 1961 सालीं हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध प्रसिद्ध केलें. तें ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालें त्याचें नांवच मुळीं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असें आहे. औषध गुणकारी, परंतु पोटांत गेल्यास जहाल. 1991 सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं तें लायपोसोमांत भरून उंदरांना दिलें, तेव्हां त्याची विषारी बाधा पुष्कळ कमी झाली. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हें औषध तर अशा पिशव्यांत घालून 1995 पासून अमेरिकेंत माणसांना देण्यांत येऊं लागलें.

लसीचें काम मात्र याहून निराळें आहे. लस म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना दिलेली शत्रूची ओळख. कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरांत जन्मलेली असल्यामुळें पहारेकरी तिला घरचीच समजून सोडून देतात. तेव्हां तिचीं विशेष चिन्हें पुटिकांवर बसवून तीं पहारेकऱ्यांना दाखवावीं, ही ह्या लसीमागील कल्पना. पॅरिस येथील संशोधकांनीं 1998 सालीं ती उंदरांवर यशस्वी करून दाखविली. 2005 सालीं माणसांवरील पहिल्या लहान चाचण्या प्रसिद्ध झाल्या व लस सोसवते असें दिसलें. पुढें फ्रान्समध्यें फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 22 रुग्णांवर मोठ्या आशेनें चाचणी झाली. निदान निम्म्या रुग्णांत तरी रोग चार महिने जागच्या जागीं राहावा, एवढीच अपेक्षा होती. 2016 सालीं फळ जाहीर झालें : तसें 7 रुग्णांतच घडलें. संशोधन पुढें चालू आहे, तें चालावें. पण झालेला कर्करोग हटविणारी पुटिकांची लस आज सिद्ध झालेली नाहीं. एक्झोसोमच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या मान्यताहीन औषधांविषयीं अमेरिकेच्या औषध-खात्यानें डिसेंबर 2019 मध्यें जाहीर इशारा दिला आहे.

मग सूक्ष्म कणांची लस कर्करोगावर सर्वथा निरुपयोगी म्हणावी काय? तसें नाहीं. रोग होण्यापूर्वीं तिचें सामर्थ्य सिद्ध झालेलें आहे. यकृताची कावीळ ‘ब’ हिच्यावरील लसींत स्निग्ध द्रव्य व प्रथिन यांचे सुमारें 22 नॅनोमीटरांचे कण असतात. पुटिकांचे ते जवळचे भाऊबंदच. तैवानमध्यें 1984 पासून ती नवजात बालकांस देऊं लागले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण लाखांत 0.70 होतें, तें 1990 ते 1994 ह्या काळांत 0.36 वर आलें. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळें होतो, त्याच्यावरील ‘सर्वाव्हॅक’ ही लस तर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविली व जानेवारी 2023 मध्यें ती बाहेर आली. तींत विषाणूचीं पोकळ कवचें तेवढीं असतात. आंत रोगाचें बीज नसतें.

ज्या घरीं असा आजार आहे, त्यांनीं कोणतेंहि नवें औषध घेण्याआधीं तीन प्रश्न विचारावेत. सरकारच्या औषध-नियंत्रकांनीं त्यास ह्या रोगासाठीं मान्यता दिली आहे काय? तें प्रयोगावस्थेंत असेल, तर चाचणीची नोंद सीटीआरआय ह्या सरकारी नोंदवहींत आहे काय? आणि चाचणीच असेल, तर रुग्णाकडून औषधाचे पैसे कां मागतां? उत्तरें समाधानकारक नसतील, तर जमिनीच्या कागदांना हात लावूं नये. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणीं दुसरें मत घ्यावें, आणि चालू असलेले उपचार मध्येंच सोडूं नयेत.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचक भगिनींस आग्रहानें सांगावयाची आहे. घरांत नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील, तर त्यांना सहा महिन्यांच्या अंतरानें ह्या लसीच्या दोन मात्रा देण्याविषयीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. विषय नाजूक आहे म्हणून वडीलधाऱ्यांपुढें तो काढण्याचा संकोच करूं नये. आजोबांनींच तो काढला तर अधिक बरें. तिशी ओलांडलेल्या सुनांनीं व लेकींनीं लस घेतली असो वा नसो, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. अजून सिद्ध न झालेल्या लसीसाठीं जमीन विकावयास जें घर तयार होतें, त्यानें सिद्ध झालेल्या लसीसाठीं एक सकाळ मोडावी, इतकी विनंति करून हें सदर पुरें करितों.