साचा आणि माणूस

लंडनला जाऊन मादाम तुसाँचे मेणाचे संग्रहालय पाहिले नाही, असे सांगितले तर आपल्याकडे प्रवासच अपुरा ठरतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. ब्रिटिश म्युझियममध्ये दोन दिवस घालवून तिसऱ्या दिवशी काहीशा अनिच्छेनेच मेरिलबोन रोडवरच्या त्या हिरव्या घुमटाच्या इमारतीत शिरलो. बाहेर पडताना जे मनात घोळत होते, ते येथे मांडत आहोत. त्याचा संबंध मेणाशी थोडा आणि आपल्या वर्गांशी अधिक आहे.

प्रथम एक मान्य करायला हवे. तेथील कारागिरीची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्याचा पुतळा करायचा त्याची दोनशेहून अधिक मापे घेतली जातात. आधी मातीची प्रतिमा, मग साचा, मग मेण. मेण थंड होताना आकसते, म्हणून मूळ प्रतिमा सुमारे दोन टक्के मोठी करतात. डोक्यावरचा केस न केस स्वतंत्रपणे रोवला जातो. एका पुतळ्यामागे कित्येक महिन्यांचे श्रम असतात. २००० साली अमिताभ बच्चन यांचा आणि २००९ साली सचिन तेंडुलकर यांचा पुतळा या संग्रहालयाने केला, तेव्हा आपल्याकडे तो राष्ट्रीय गौरवाचा विषय झाला होता.

या संग्रहालयाचा उगम मात्र गौरवात नाही. १७६१ साली स्ट्रासबुर्गला जन्मलेली मारी ही मुलगी डॉक्टर कुर्टियस यांच्याकडे मेणकाम शिकली. १७७७ साली, म्हणजे व्होल्तेअरच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, तिने त्याचा मुखवटा घडवला. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली तुटलेल्या मस्तकांचे साचे आपल्याला घ्यावे लागले, असे तिने आपल्या आठवणींत सांगितले आहे. त्या आठवणींतले सगळेच तपशील अभ्यासक स्वीकारत नाहीत. पण छायाचित्रण नसलेल्या त्या काळात मेणाचा चेहरा ही एक साक्ष होती, एवढे निश्चित. सामान्य माणसाला राजाचा किंवा गुन्हेगाराचा चेहरा पाहण्याचा तो एक मार्ग होता. १८०२ साली मारी ब्रिटनला आली, गावोगाव प्रदर्शन घेऊन हिंडली आणि १८३५ साली बेकर स्ट्रीटवर स्थिरावली.

आज त्या साक्षीची गरज कोणालाच उरलेली नाही. कोणाचाही चेहरा खिशातल्या फोनवर दिसतो. तरीही रांगा आहेतच, कारण लोक येथे पुतळा पाहायला येत नाहीत. पुतळ्याशेजारी उभे असलेले स्वतःला पाहायला येतात. आम्ही तासभर निरीक्षण केले. प्रेक्षक पुतळ्याजवळ जातो, लगेच त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसतो. पुढे काळ्या टॅक्सीच्या आकाराच्या डब्यांत बसवून लंडनचा चारशे वर्षांचा इतिहास दाखवतात. त्यात शेक्सपियर भेटला. क्षणभर दिसला आणि डबा पुढे सरकला. तेथे उतरून त्याच्या खांद्यावर हात टाकण्याची सोय नाही. आम्हाला तेवढ्यानेच बरे वाटले.

१९२५ साली या संग्रहालयाला आग लागली आणि पुष्कळ पुतळे वितळले. पण साचे शिल्लक होते, त्यामुळे माणसे पुन्हा ओतता आली. १९४० साली बाँब पडला, तेव्हा शेकडो साचेच नष्ट झाले. हे वाचताना आपल्या भाषेतला 'साचेबंद' हा शब्द आठवला आणि मग काही वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी आठवली.

द्वितीय वर्षाला व्यक्तिचित्र हा प्रकार शिकवून झाल्यावर आम्ही घरातल्या एका व्यक्तीवर लिहायला सांगितले होते. तिने आजीवर लिहिले. आजी कष्टाळू होती, प्रेमळ होती, त्यागमूर्ती होती. शुद्धलेखन निर्दोष, परिच्छेद नेटके. आम्ही दहापैकी आठ गुण दिले. तोंडी परीक्षेत सहज विचारले, "आजी आठवते का गं?" ती हसली आणि म्हणाली, "सर, आजी मिश्रीची डबी तांदळाच्या डब्यात लपवायची. पत्ते खेळताना फसवायची आणि पकडली की रुसून जेवायची नाही. आजोबा गेले त्या दिवशीही रडली नाही, पण त्यांची काठी कोणाला हलवू दिली नाही." ही आजी तिच्या लेखनात का नव्हती? "ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं," ती म्हणाली.

हे तिला माहीत नव्हते, कारण आम्ही सांगितले नव्हते. 'स्वभाववैशिष्ट्ये' या मथळ्याखाली मुद्दे उतरवून देणारे आम्हीच. साचा आमचा होता; तिने त्यात निमूटपणे आजी ओतली होती. त्यागमूर्ती या शब्दात मूर्तीच आहे, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते.

आपल्या स्मृतिग्रंथांची, जन्मशताब्दी विशेषांकांची आणि बऱ्याच चरित्रांची गोष्ट याहून वेगळी नाही. मापे अचूक असतात: जन्मतारीख, पुरस्कार, ग्रंथसूची. माणूस मात्र दोन टक्के मोठा केलेला असतो, आणि ते आकसणारे मेण नसल्याने तो तेवढाच मोठा राहतो. यावर कोणी म्हणेल की, गेलेल्या माणसाचे दोष उगाळणे हा आपला संस्कार नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण मिश्रीची डबी हा दोष नाही. ती आजीची खूण आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसे बहुतांशी कल्पित आहेत. त्यांची मापे कोणी घेतली नव्हती. तरी वाचक म्हणतो, असा एक आमच्या आळीतही होता. विसंगतीसकट उभा केलेला माणूस वाचकाला ओळखीचा वाटतो. निर्दोष माणसाला आपण नमस्कार करतो आणि पुढे सरकतो.

मारी तुसाँने १८४२ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, स्वतःचा पुतळा केला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, अंगावर काळा पोशाख असलेली एक म्हातारी बाई. तिने स्वतःला तरुण करून घेतले नाही. त्या सगळ्या झगमगाटात आम्हाला जिवंत वाटली ती तीच.

यंदा आम्ही चाचणीतला प्रश्न बदलला आहे. 'आजीची स्वभाववैशिष्ट्ये लिहा' असे आता विचारत नाही. 'आजी काय लपवत असे?' असे विचारतो. उत्तरपत्रिकांत शुद्धलेखनाच्या चुका वाढल्या आहेत आणि त्या आम्ही आनंदाने तपासत आहोत.