कर्ज फिटत नाही, मग कोर्टात दिवाळखोरी जाहीर करता येते का? हिंगोलीच्या निमित्ताने समजून घ्या

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढले होते. किडनी ७५ हजार, लिव्हर ९० हजार, डोळे २५ हजार, असं दरपत्रकच त्यांनी मांडलं. बातमी देशभर गाजली. पण एक प्रश्न मागे राहिला: कर्जात बुडालेल्या माणसासाठी कायद्यात काही वाट आहे का?

कोणता कायदा लागू होतो?

२०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग अजून सर्वसामान्यांना लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी सुरू आहे. त्यामुळे मुंबईबाहेरच्या शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा पाहावा लागतो. त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो.

अर्ज कोण करू शकतो?

कर्ज फेडण्याची ऐपत नाही आणि देणं किमान ५०० रुपये आहे, असा कर्जदार. हा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे! सावकार किंवा बँकही कर्जदाराविरुद्ध अर्ज करू शकते.

फायदा काय, किंमत काय?

नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि देणेकऱ्यांत वाटली जाते. नंतर न्यायालयाने मुक्तता दिली की उरलेल्या बहुतेक कर्जातून सुटका होते. सरकारी देणं आणि फसवणुकीतून झालेलं कर्ज मात्र सुटत नाही. शेतकऱ्याचं राहतं घर, आवश्यक अवजारं, जनावरं आणि बियाणं यांना जप्तीपासून संरक्षण आहे. शेतजमिनीला तशी सरसकट सूट नाही. मुक्तता मिळेपर्यंत ग्रामपंचायत सदस्यही होता येत नाही. अर्जाआधी जमीन नातेवाइकाच्या नावावर केली, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो.

वकील कसा शोधायचा?

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे इंटरनेटवर 'नंबर वन' म्हणवणाऱ्याच्या मागे लागू नका. न्यायालयातल्या वकील संघात दिवाणी काम करणाऱ्या वकिलांची चौकशी करा. नादारीचे अर्ज किती चालवले, फी किती आणि ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, हे आधीच विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

त्याआधी हे तपासा

सावकाराकडे परवाना आहे का? नसेल आणि त्याने जमीन बळकावली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. अशी जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. अशा वेळी नादारीची गरजच पडणार नाही, असंही होऊ शकतं. म्हणून वकिलाकडे जाताना सातबारा, कर्जाची कागदपत्रं आणि कुणाचं किती देणं आहे याची पूर्ण यादी सोबत ठेवा. खासगी हातउसनेही त्यात लिहा.