मधले सहा दिवस
१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला अठरावा अध्याय संपला. साने गुरुजींनी ते सगळं लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. मला त्या रविवारांइतकंच मधल्या सहा दिवसांचं मोल वाटतं. ऐकलेलं मनात घोळवायला, शेजारच्याशी वाद घालायला, रोजच्या कामात ते टिकतं का हे पाहायला तेवढा अवधी लागतोच. आज तेच अठरा अध्याय हेडफोन लावून, वेग दीडपट करून, लोकलच्या प्रवासात दोन-चार दिवसांत ऐकून होतात. ऐकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्याचा दिवस त्याच्या हातात कुठे असतो? पण माहिती अशी भराभर आत येते, शहाणपण मात्र लोणच्यासारखं मुरावं लागतं. गेल्या महिन्यापासून आम्ही घरी रविवारच्या चहानंतर ‘गीता प्रवचने’चं एकच प्रकरण मोठ्याने वाचतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. परवा बुधवारी मेथी निवडता निवडता आई एकदम म्हणाली, “ते विकर्माचं मला अजून नीट पटलेलं नाही हं.” त्या दिवशी आमची जेवणं फार उशिरा झाली.