बाटलीतला युरिया आणि मापाचा प्रश्न

आमच्या म्हसावद परिसरात कृषी सेवा केंद्रात युरियाच्या गोणीशेजारी आता अर्ध्या लिटरची बाटलीही दिसते. तिचे नाव नॅनो युरिया. ‘सर, गोणी घ्यावी की बाटली?’ असे पालक आम्हाला विचारतात. उत्तराआधी थोडा हिशेब करू.

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. इफकोने २०२१ साली आणलेल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. हजारपट फरक! नंतरच्या ‘प्लस’ बाटलीतही १०० ग्रॅमच्या आसपासच. कंपनी म्हणते, कण अतिशय बारीक असल्याने ते पानांच्या छिद्रांतून थेट आत जातात, वाया जात नाहीत. म्हणजे सारी भिस्त कणाच्या आकारावर.

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली या खताची मानके ठरवली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कण २० ते ५० नॅनोमीटर दिसावा, तर प्रकाशाच्या पद्धतीने पाण्यात मोजल्यावर २० ते ८० भरावा. कण एकच, मग मापे दोन का? पाण्यात फिरताना कणाबरोबर पाण्याचा थरही चालतो, म्हणून तो मोठा भरतो.

मग यंत्र खरे बोलते हे कोणी सांगायचे? दुकानातला काटा तपासायला वैधमापन खात्याकडे प्रमाणित वजने असतात. तसेच इथेही आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने सुमारे १०, ३० आणि ६० नॅनोमीटरचे सोन्याचे कण असलेले संदर्भ पदार्थ तयार केले. प्रयोगशाळा आधी ते मोजते, उत्तर बरोबर आले तरच यंत्रावर भरवसा ठेवते. आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने विविध संदर्भ पदार्थ देते.

मापात कमी देणाऱ्यांच्या नावाची एक स्वतंत्र सूरहच कुरआनात आहे, अल्-मुतफ्फिफीन. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. नॅनोच्या बाटलीत मात्र हात घालून काही कळत नाही. तिथे मानक आणि संदर्भ पदार्थ हाच आपला हात.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानक कणाचा आकार सांगते, पीक किती येईल हे सांगत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत, नेहमीच्या नत्राचा काही भाग कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर भात आणि गहू दोन्हींचे उत्पादन घटले. कंपनीचे दावे वेगळे आहेत. कापूस, मिरची, पपई घेणाऱ्या आपल्या घरांचे वर्षभराचे पोट यावर अवलंबून आहे.

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. पेरणीच्या वेळचा युरिया बंद करू नका, तसे कंपनीही सांगत नाही. पक्के बिल घ्या, नत्राचे प्रमाण, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा. शंका आली तर कृषी खात्याच्या खत निरीक्षकाला नमुना घ्यायला सांगा. फवारणी आधी चार ओळींवर करा, शेजारच्या चार ओळी नेहमीच्या खतावर ठेवा आणि दोन्हींचा माल वेगळा तोला. घरातल्या शाळकरी मुलीला वहीत आकडे लिहायला बसवा. इन्शाअल्लाह, पुढच्या हंगामात गोणी की बाटली, हे तिची वहीच सांगेल.