बारशानंतरची रक्ततपासणी

आपल्याकडे डोहाळजेवणात काही कमी पडत नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाटीखाली झाकलेले पेढा आणि बर्फी, सगळं जिथल्या तिथे असतं. बारशाला पाळणा सजतो, घुगऱ्या शिजतात. आणि मग सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे वळतात. आजी तेवढी बाळंतिणीला दोन घास जास्त वाढत राहते. माझी तक्रार कौतुकाबद्दल नाही. जिला गरोदरपणात मधुमेह झाला होता, तिच्याकडे प्रसूतीनंतर पाठ फिरवणं हा निष्काळजीपणा आहे, आणि त्यात डॉक्टर, घरचे आणि आपलं मराठी मंडळ या तिघांचाही हात आहे.

इथे अमेरिकेत २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ते गोडमिट्ट नारिंगी पाणी प्यायला देतात. त्यात ५० ग्रॅम ग्लुकोज असतं. तासाभराने रक्त घेतात, आकडा जास्त आला तर १०० ग्रॅमची तीन तासांची परीक्षा होते. तिथे नापास झालेल्या बाईचे पुढचे तीन महिने बोटाला सुई टोचण्यात आणि पोळ्या मोजण्यात जातात. बाळ सुखरूप झालं की हे सगळं एका दिवसात थांबतं. ‘आता शुगर नॉर्मल आहे’ असं सांगून घरी सोडतात.

ते खोटं नसतं, अपुरं असतं. गरोदरपणात वारेतून जी संप्रेरकं येतात, ती इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत, म्हणून स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. ज्या स्वादुपिंडाला हा भार झेपत नाही, त्या बाईची साखर चढते. वार पडली की भार उतरतो, साखरही उतरते. पण स्वादुपिंडाची ताकद तेवढीच राहते. म्हणूनच असा मधुमेह झालेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना पुढे कधीतरी कायमचा, टाइप-२ मधुमेह होतो.

विशेष म्हणजे गरोदरपणातली ही तपासणी मुळात आईसाठीच बसवलेली होती. बॉस्टनमध्ये ओ’सलिव्हन आणि मॅहन यांनी ७५२ गर्भवतींच्या रक्ताचे आकडे घेऊन १९६४ साली निकष मांडले, ते यातल्या कोणत्या बाईला पुढे मधुमेह होईल हे पाहून. बाळाच्या वजनाचा विचार नंतर आला. आज मात्र तपासणी बाळासाठी आहे असंच सगळे धरून चालतात आणि बाळ झालं की विषय मिटतो.

आपल्या लोकांना तर पुढच्या मधुमेहाचा धोका जास्तच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे?’ हे आपल्यापैकी कोणाचंच उत्तर होऊ शकत नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेही आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची रेषा बीएमआय २५ वरून २३ वर आणली आहे.

मग करायचं काय? प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांच्या आत उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असला तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर, २०० किंवा त्याच्या वर गेला तर मधुमेह. त्याऐवजी नुसती एचबीएवनसी ही सरासरी साखरेची तपासणी या दिवसांत भरवशाची नाही, कारण गरोदरपणामुळे आणि प्रसूतीतल्या रक्तस्रावाने तिचा आकडा फसवा येऊ शकतो. निकाल चांगला आला तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं, आयुष्यभर.

आता अडचण बघा. तान्हं बाळ दर दोन तासांनी दूध मागतं आणि आईने उपाशीपोटी लॅबमध्ये दोन तास बसायचं! ती अपॉइंटमेंट पुढे ढकलते यात तिचा काय दोष? प्रसूतीचा डॉक्टर सहा आठवड्यांनी टाके बघून मोकळा होतो, फॅमिली डॉक्टरच्या कागदावर या मधुमेहाची नोंदच नसते, आणि घरात त्या वेळी आजी, नवरा अशी चार माणसं असूनही बाळाला घेऊन लॅबच्या बाहेर बसायचं कोणाला सुचत नाही. डायपर कुठले स्वस्त, यावर नवरे मंडळी तासभर बोलू शकतात. ही अपॉइंटमेंट त्यांनीच घ्यावी.

आजीच्या डिंकाच्या लाडवांशी माझं भांडण नाही. अळीव, मेथी, खारीक यांत सत्त्व आहेच. पण जिची साखर नुकतीच चढून उतरली आहे, तिच्या लाडवात गूळ निम्मा पडला तर बाळंतपण कमी प्रतीचं होत नाही. आणि सव्वा महिना संपला की ते खाणंही संपलं पाहिजे. अंगावर पाजण्याने आईचा मधुमेहाचा धोका कमी होतो, हे मात्र आजीला आवर्जून सांगावं.

उंबरठ्यावरच्या बाईला वाचवता येतं, हे अमेरिकेतल्याच मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या आणि नंतर साखर उंबरठ्यावर आलेल्या स्त्रियांमध्ये, नेमाने चालणं आणि वजन उतरवणं किंवा मेटफॉर्मिनची गोळी, दोन्ही उपायांनी पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. इतका हाताशी असलेला उपाय नुसत्या विसराळूपणाने वाया घालवायचा?

मंडळ नव्या आईच्या घरी आळीपाळीने डबे पोचवतं, ते काम उत्तम आहे. त्याच यादीत आणखी एक रकाना घाला: लॅबला कोण नेणार आणि बाळाला कोण धरणार. दिवाळी पहाटेला आपण त्याहून किचकट वेळापत्रकं आखतो.

आणि ज्यांची मुलं आज कॉलेजात आहेत, त्यांनीही हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. वीस वर्षांपूर्वी पोटुशी असताना शुगर वाढली होती, एवढं एक वाक्य पुढच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांना सांगा आणि रक्त तपासून घ्या.