चीनला जाताय? मग तांग तालुक्याची वाट विचारून घ्या



गेल्या महिन्यात नवी पेठेत चादरी घ्यायला आलेल्या एका भगिनीने आम्हाला रस्त्यातच गाठले. "भाऊ, पोराला कंपनीनं शांघायला पाठवलंय. आम्हा दोघांना आठ-दहा दिवस बोलावतोय. शहर नको, नदीकाठची खेडी दाखवतो म्हणतो. आम्ही तिथं जाऊन करायचं तरी काय?" यजमान गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनकी करणारे. या माउलीने विड्या वळून मुलांना शिकविले. आता मुलगा विमानाचे तिकीट काढतो म्हणतो आहे. आमच्या घरांतून प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, फार तर बोधगया. परदेशाच्या नावाने अजून छातीत धस्स होते. आमचा स्वतःचा पासपोर्टही कोराच आहे. पण विचारणारे आता वाढत चालले आहेत. कुणाचा मुलगा नोकरीला, कुणाची मुलगी डॉक्टरकी शिकायला तिकडे असते. म्हणून वाचून आणि जाऊन आलेल्यांना विचारून जे जमविले, ते येथे मांडतो.

पुष्कळांना प्रथम नेतात ते दक्षिणेकडे, ली नदीवर. ग्वेलिन शहरापासून यांगश्वोपर्यंत सुमारे ८३ किलोमीटर बोटीचा प्रवास आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके, मधून हिरवे पाणी. वाटेत शिंगफिंग नावाचे गाव लागते. वीस युआनच्या नोटेच्या पाठीमागे याच नदीकाठचे चित्र आहे. नोट हातात धरून समोरचा डोंगर जुळवून पाहायचा, ही तिथली सगळ्यांची गंमत. आमच्यासारख्या आयुष्यभर नोटा मोजलेल्या कारकुनाला तर तिचे विशेषच अप्रूप. पाणकावळ्यांकडून मासे धरणारे कोळीही दिसतील, मात्र तो आता बहुतेक फोटोपुरता खेळ उरला आहे. पैसे किती ते आधी ठरवून घ्यावे. येथे एक दिवस पुरे.

दुसरे ठिकाण आपल्या माणसांनी सहसा चुकवू नये असे, ते म्हणजे लेशान. सिच्वान प्रांतात तीन नद्यांच्या संगमावर कड्यातच कोरलेली मैत्रेय बुद्धाची बसलेली मूर्ती आहे. उंची ७१ मीटर. इ.स. ७१३ मध्ये काम सुरू झाले आणि ८०३ मध्ये संपले. नव्वद वर्षे! सुरुवात करणारे भिक्खू हायथुंग मूर्ती पुरी झालेली पाहायला राहिले नाहीत. संगमावरच्या भोवऱ्यात नावा फुटत, नावाडी बुडत. त्यांचा जीव वाचावा म्हणून हे काम हाती घेतले, अशी तिथली कथा. कोरताना निघालेला दगड नदीत पडून प्रवाहच शांत झाला, असेही सांगतात. कड्यावरून अरुंद पायऱ्यांनी मूर्तीच्या पावलांपर्यंत उतरता येते. गुडघे दुखणाऱ्यांनी बोटीतून दर्शन घ्यावे, संपूर्ण मूर्ती एका नजरेत तिथूनच दिसते.

यांगत्से नदीवर गेलात तर तीन घळींचे मोठे धरण दाखवतील. भिंत पाहून माणूस गप्प होतो. पण त्या पाण्यासाठी बारा-तेरा लाख माणसांना घरे सोडावी लागली, हेही बरोबरच्या वाटाड्याला विचारावे. उजनीत गाव गेलेली माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. धरणाची उंची किती, हे विचारण्याआधी उठवलेली माणसे कुठे बसवली, हे विचारायची आपल्याला सवय हवी.

हे सारे मुले आपण होऊन दाखवतील. आम्हाला सांगायचे आहे ते पुढचे, कारण ते सहलीच्या कंपन्यांच्या कागदावर नसते.

उत्तरेला हपेय प्रांतात तांग नावाचा भाग आहे. आपल्या तालुक्याएवढा समजा. त्यातून तांग नदी वाहते. डोंगर, मका, बाजरी, दगडी घरे. या तालुक्यात सोलापूरचा एक माणूस जगला आणि तिथेच गेला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूरचाच, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस.

त्यांचा रस्ता पाहिला तर तो नद्यांचाच आहे. कँटनहून हांकौ, मग इचांग, मग चुंगकिंग. ही पुढची तिन्ही शहरे यांगत्सेच्या काठची. तिथून उत्तरेला येनआन, येन नदीच्या काठी, जिथे लोक मातीच्या डोंगरात गुहा खोदून राहत. इस्पितळही गुहांतच. वडील वारल्याची बातमी कोटणिसांना चीनमध्येच कळली. परत जाता आले असते, कुणी नावही ठेवले नसते. ते गेले नाहीत. आघाडीजवळच्या मुलखात जाऊन जखमींवर शस्त्रक्रिया करू लागले.

त्या तांग तालुक्यातच नोव्हेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून वारले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि विष अंगात भिनले. त्यांच्या नावाने काढलेल्या इस्पितळाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. चिनी भाषा तोवर अशी शिकून घेतली होती की, विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवीत. पाचही डॉक्टरांनी चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर घेतले होते. कोटणीस झाले ख दीहुआ. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' भारताचा, 'हुआ' चीनचा. त्याच वर्षी ९ डिसेंबरला फेफऱ्याच्या झटक्याने कोटणीस गेले. वय बत्तीस, पोरगा साडेतीन महिन्यांचा. पाचांपैकी चार मायदेशी परतले, हा एक राहिला. व्ही. शांतारामांचा १९४६ चा सिनेमा जुन्या लोकांना आठवत असेल.

तर करायचे काय? पेकिंगहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासात शीच्याच्वांग गाठता येते. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणिसांची समाधी आहे, पुतळाही आहे. बेथ्यूनही तिथेच. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा पूर्वजांच्या समाध्या साफ करण्याचा दिवस असतो. त्या सुमारास गेलात तर फुले घेऊन आलेली शाळकरी मुले भेटतील. तिथून तांगला जावे. बेथ्यून आणि कोटणीस या दोघांचे स्मारक-संग्रहालय तालुक्याच्या गावी आहे. कगोंग हे गाव, जिथे इस्पितळाच्या कामात कोटणीस राहिले, त्याच तालुक्यात. दुभाष्या किंवा आपला मुलगा बरोबर हवाच, तिथे इंग्रजीवर निभणार नाही.

आणि गावात गेल्यावर घाई करू नये. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ बसावे. "वो श यिन्दू रेन" म्हणजे मी भारतीय. मग "ख दीहुआ" एवढे म्हणावे. पुढचे बोलणे ते स्वतः काढतील. गरम पाणी देतील, तिकडे प्यायला गरम पाणीच देतात, रेल्वेतही त्याचा नळ असतो. शाकाहारी असाल तर "वो छ सू" हे पाठ करावे. तरी आमचा सल्ला असा की, पिशवीत सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्यावी. आठवडाभर टिकते आणि चटणी पाहुण्यांनाही आवडते. फळे, मांस मात्र नेऊ नये, विमानतळावर काढून घेतात. भेट द्यायची तर टॉवेल किंवा चादर द्यावी, दोन्ही हातांनी. घड्याळ देऊ नये, त्या शब्दाचा उच्चार तिकडे मरणाच्या विधीशी जुळतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. व्हिसा लागतो, मुलाचे बोलावण्याचे पत्र जवळ ठेवावे. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत. रोख पैसे तिकडे फारसे चालत नाहीत, सगळे मोबाईलवर, म्हणून ती सोय मुलाकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावी. हॉटेलचे नाव-पत्ता चिनी अक्षरांत लिहिलेला कागद खिशात असावा. हपेयचा हिवाळा शून्याखाली जातो, स्वेटरवर भागत नाही.

सीमेवर दोन्ही सरकारांचे काय चालले आहे, ते आपण पेपरात वाचतोच. १९६२ पाहिलेली माणसे आपल्यात आहेत. तरीही तांगची म्हातारी माणसे ख दीहुआची आठवण काढतात, आणि त्याच वेळी आपल्या भैय्या चौकावरून रोज जाणाऱ्या कितीतरी पोरांना ते घर कुणाचे, हे ठाऊक नसते. हे आम्हाला बोचते.

म्हणून जाण्याच्या आदल्या रविवारी नवी पेठेतून चालत भैय्या चौकात जावे. कोटणिसांचे घर जपून तिथे स्मारक केलेले आहे. नातवंडांना बरोबर न्यावे, सगळी छायाचित्रे सावकाश पाहावी. घराचा एक फोटो काढून कागदावर छापून घ्यावा, आणि मागे मुलाकडून चिनी अक्षरांत 'ख दीहुआ यांचे सोलापूरचे घर' एवढे लिहून घ्यावे. तांगच्या पारावर दाखवायला तो उपयोगी पडेल.